नाव लिहू नये

त्याचं नाव इथे लिहिता येणार नाही.
कायदाच तसा आहे, आणि बरा आहे.
चोर म्हणायचं नाही, आरोपी म्हणायचं नाही,
विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणायचं.
सावर्ड्याच्या तिस्कावर, चहाच्या गाड्यापाशी,
हा शब्द मी त्याच्या आईला सांगून पाहिला.
ती म्हणाली, बाई, म्हणजे सुटला की अडकला?

वय पंधरा वर्षं चार महिने. नववी अर्धी.
उंची माझ्या खांद्याला.
नखांत काळं वंगण,
मेरशीतल्या दोन रात्रींच्या साबणानं न निघालेलं.

अहवालात एक पान कारणांचं असतं.
चौकोन छापलेले, खूण तेवढी करायची:
गरिबी. व्यसन. वाईट संगत. पालकांचं दुर्लक्ष.
मी विचारलं, संगत कुणाची?
"कोणाचीच ना."
त्याच्या वाड्यावर संगतीला कंपनी म्हणतात,
आणि कंपनी म्हटलं की एकच,
जिनं डोंगर उतरवून बार्जींत भरला
आणि एका सकाळी गेटला साखळी घातली.
तिच्यासाठी चौकोन नाही.

खाण पुन्हा सुरू होणार, आता होणार,
ह्या बोलीवर बापानं जुना टिपर कर्जानं घेतला.
मागच्या फळीवर रंगवून घेतलं
शांतादुर्गा प्रसन्न.
चवथीच्या आदल्या आठवड्यात बँकेची माणसं
किल्ली मागून घेऊन गेली.
तेव्हापासून बाप संध्याकाळी पुलाच्या कठड्यावर बसतो,
जाणाऱ्या गाड्यांचे टायर बघत.
दुर्लक्ष?
मी पेन उचललं, ठेवलं.

दोन बॅटऱ्या आधीच विकलेल्या, सातशे-सातशेला.
घेणाऱ्या भंगारवाल्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही.
तो सज्ञान आहे.
त्याचं नाव लिहायला कायद्याची आडकाठी नव्हती.
पैशांचं काय केलंस?
मोबाइलचा रिचार्ज,
तिघांना रॉस ऑम्लेट, पाव जादा.
उरलेले आईच्या डब्यात, तांदळाखाली.
तिला ते मिळाले. तिनं विचारलं नाही.
हे मी लिहिलं नाही.

तिसरी, जप्त गाड्यांच्या आवारातली.
कुंपणावरून आत उतरला,
अकरा टिपरांतून अंधारात एकच शोधला.
कुठला बोल्ट आधी सैल करायचा ते ठाऊक होतं,
सात वर्षांचा असताना टॉर्च धरायला लावून
बापानंच दाखवलेलं.
पण पान्याला हात लावायच्या आधी
तो केबिनमध्ये चढला
आणि हॉर्न दाबला. लांबलचक.
रखवालदार पोचला तेव्हा हात अजून तिथंच.

मंडळाची खोली छोटी. काळा कोट नाही, पिंजरा नाही.
शिपाई साध्या शर्टात, नियमच आहे,
बूट मात्र पोलिसाचेच.
दंडाधिकारी बाई हळू बोलल्या. खरंच हळू बोलल्या.
चोरायचीच होती, तर हॉर्न कशाला?
तो बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला.
"वाजता काय ना, तें पळयलें."

समज देऊन घरी. सहा महिने माझी देखरेख,
महिन्यातून दोन भेटी, शाळेत परत,
शनिवारी पंचायतीच्या वाचनालयात पुस्तकं पुसायची.
वाईट नाही. ह्याहून वाईट मी पाहिलंय.
फक्त, सहा महिन्यांनी काय, असा रकाना
मी अजून कुठल्याच नमुन्यात पाहिलेला नाही.

बाहेर दोघं कुडचड्याच्या बससाठी उभे.
मी पलीकडे, छत्रीच्या आडोशाला, फाइल छातीशी धरून.
अर्धा तास कुणी काही बोललं नाही.
मग बापानं, रस्त्याकडेच बघत,
"वाजलो?"
"वाजलो."

बस आली. बसायला एकच जागा होती.